केर्त्तूने निवडलेली मोटर

मासेमारीच्या होडीला मागच्या फळीवर एक मोठं इंजिन असतं आणि त्याच्या कडेला एक छोटी मोटर बसवलेली असते. मित्रांनो, ती छोटी मोटर म्हणजे मी. आता मी होडीवर नाही. ओलावी नावाच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये एका निळ्या पिंपाला अडकवलेली आहे. माझा करडा रंग फुगून सुटत चालला आहे. मला चालू करायचा जो दोर आहे, त्याच्या मुठीवर हिरवी लोकर गुंडाळलेली होती. त्यातली निम्मी उंदरांनी नेली.

व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेला एक लहान बेट आहे, तिथे मी माझं सगळं आयुष्य काढलं. तिथल्या बहुतेकांचे आजे-पणजे फिनलंडहून आलेले. प्रत्येकाच्या दारात होडी आणि होडीला दोन इंजिनं. मोठं इंजिन मासे असतात तिथपर्यंत नेतं आणि संध्याकाळी परत आणतं. मधला सगळा दिवस छोटीचा. सॅमन मासा हवा असेल तर होडी माणसाच्या चालीहून हळू चालवावी लागते. वजन बांधलेल्या तारा खोल सोडायच्या, त्यांना आमिष लावायचं आणि तासन्‌तास ओढत न्यायचं. मोठं इंजिन इतकं हळू चालवलं की गुदमरतं. म्हणून छोटी ठेवतात. बेटावर सगळे तिला धाकटी म्हणतात आणि मोठ्या इंजिनाला थोरलं.

धाकटीचं आणखी एक काम असतं. थोरलं बंद पडलं तर माणसांना घरी आणायचं. हे काम सगळ्यांना माहीत असतं, पण ते आपल्यावर येईल असं कोणालाच वाटत नाही.

मी एका कारखान्यात तयार झाले. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते डेलचं दुकान. बेटावरून बोटीने पलीकडच्या गावात गेलं की धक्क्यापासून जवळच ते होतं. दुकानामागच्या अंगणात पाण्याने भरलेलं एक पिंप होतं. गिऱ्हाईक आलं की डेल मोटर त्या पिंपाला अडकवायचा आणि चालू करून दाखवायचा. मी तिथे इतर मोटरींबरोबर रांगेत उभी होते.

त्या दिवशी ओलावी आणि त्याची बायको केर्त्तू आली. ओलावी उंच, कमी बोलणारा. केर्त्तू बुटकी, हातात कायम विणकामाची पिशवी. ओलावीने आल्याआल्या दहा अश्वशक्तीच्या मोटरीवर हात ठेवला. तिला बटण होतं. बटण दाबलं की चालू.

"ही दे," ओलावी म्हणाला.

"आणि बॅटरी बसली की?" केर्त्तूने विचारलं.

"बॅटरी बसत नाही."

"थोरलंही त्याच बॅटरीवर आणि धाकटीही त्याच बॅटरीवर. बसली की दोघं एकदमच बसली. मग तू काय करणार, फुंकर मारणार?"

डेल हसला. "केर्त्तूबाई बरोबर बोलतात. दोर ओढायचीही मोठी मोटर आहे माझ्याकडे."

"मला ओढता आली पाहिजे," केर्त्तू म्हणाली. "मागच्या वर्षी याच्या अंगठ्यात गळ घुसला. हा रक्त धरून बसला आणि मी त्या जुन्या मोटरीचा दोर ओढतेय, ओढतेय, ती ढिम्म. उद्या हा पाण्यात पडला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

"मी पडलो तर तू आधी कॉफी पिशील," ओलावी म्हणाला.

"पिईन. पण मग तुला काढायला येईन ना?"

डेलने मोठी मोटर पिंपाला लावली. केर्त्तूने पिशवी खाली ठेवली, दोर ओढला, आणि मोटरीने दोर असा आत खेचला की ती एक पाऊल पुढे ओढली गेली. "अगं बाई, हिने तर मलाच ओढलं," ती म्हणाली. मग डेलने मला आणलं. मी सहा अश्वशक्तीची. माझी दांडी होडीच्या उंच फळीला पुरेल इतकी लांब होती, ते डेलने आधी मोजून पाहिलं, कारण दांडी आखूड असली तर लाटेवर पाण्यातला पंखा हवेत फिरतो. केर्त्तूने माझा दोर ओढला. दुसऱ्या ओढीला मी लागले, म्हणजे चालू झाले. ती थोडा वेळ माझ्याकडे कान देऊन उभी राहिली.

"ही बडबडत नाही," ती म्हणाली. "हिच्याबरोबर आपल्याला बोलता येईल."

"आपण काय बोलतो?" ओलावीने विचारलं.

"मी बोलते. तू ऐकतोस. ऐकू तर आलं पाहिजे."

डेलने डोकं खाजवलं. "हळू चालायला हिच्यासारखी नाही. पण तुमच्या आणि समोरच्या बेटामधली ती पाण्याची अरुंद वाट आहे ना, तिथली ओहोटी हिला जड जाईल. दहाची घ्या असंच मी म्हणेन."

"थोरलं आहे की," ओलावी म्हणाला. "ते कधी दगा देत नाही."

"मग हिचं एक ऐका. दिवसभर हळू चालली की हिच्या पोटात काजळी धरते. संध्याकाळी परत निघायच्या आधी हिला पाच-दहा मिनिटं पूर्ण जोरात चालवायची. काजळी जळून जाते. हे विसरलात तर गरज पडेल तेव्हा ही दम टाकेल."

ओलावीने मान हलवली. केर्त्तू तोवर माझ्या दोराची प्लास्टिकची मूठ चाचपून बघत होती. "थंडीत हाताला लागेल ही," ती म्हणाली. परतताना बोटीतच तिने पिशवीतून हिरवी लोकर काढली आणि मुठीवर गुंडाळून टाकली.

त्यानंतरची वर्षं माझी चांगली गेली. सकाळी थोरलं आम्हाला मासेमारीच्या जागी नेऊन सोडायचं आणि गप्प व्हायचं. केर्त्तू माझ्याजवळ येऊन लोकरीची मूठ धरायची. "चल गं," म्हणायची. मी लागायचे. ओलावी तारा खाली सोडायचा. मग दिवसभर मी हळूहळू चालत राहायचे, आणि ती वेलची घातलेला गोड पाव कापायची, कॉफी ओतायची आणि बोलायची. कोणाच्या सुनेने काय केलं, चर्चच्या छपरासाठी कोण पुढे आलं, कोण मागे हटलं. ओलावी तारांकडे बघत हुंकार द्यायचा. कधी मासा लागला की तिचं वाक्य अर्धं राहायचं, आणि मासा होडीत आल्यावर ती त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची.

धक्क्यावर लोक मला हात लावून बघायचे. केर्त्तूचा भाऊ रेइनो म्हणायचा, "शिवणयंत्र घेतलंस काय गं, केर्त्तू? माझी धाकटी लागली की समोरच्या बेटावरचे कुत्रे भुंकतात." मला बरं वाटायचं.

सुरुवातीला ओलावीने डेलचं ऐकलं. संध्याकाळी तारा वर घेतल्या की तो मला पूर्ण जोरात चालवायचा. मी गर्जायचे. मलाही ते आवडायचं, अंग मोकळं झाल्यासारखं वाटायचं. पण केर्त्तू कानांवर हात ठेवायची.

"कशाला ओरडायला लावतोस तिला? बिचारीने दिवसभर गुपचूप काम केलंय."

"डेल म्हणाला होता."

"डेल दुकानदार आहे. आणि आज शनिवार आहे. सौना तापवायचाय की नाही?"

शनिवारी बेटावर सगळ्या घरांतून धूर निघतो. अंगणातल्या लाकडी खोलीत दगड तापवून लोक वाफ घेतात. शनिवारी मला पळवायचं राहून गेलं. मग इतर दिवशीही राहू लागलं. ओलावी हात माझ्याकडे न्यायचा, केर्त्तूकडे बघायचा आणि थोरलं चालू करायचा. पुढे हात न्यायचंही त्याने सोडलं. असं ऋतूमागून ऋतू चाललं. मला कोणी मारलं नाही, आपटलं नाही, खारं पाणी अंगावर राहू दिलं नाही. केर्त्तू मला गोड्या पाण्याने धुवायची आणि थंडीत माझ्यावर जुनी चादर टाकायची. इतकी माया कुठल्या मोटरीला मिळाली असेल असं मला वाटत नाही. आणि आत माझ्या पोटात काजळी साठत होती.

मग केर्त्तूचा खांदा दुखायला लागला.

दोर ओढला की ती थांबायची आणि डावा खांदा दाबायची. "या पोरीने माझा खांदा धरलाय," ती म्हणायची. पोरगी म्हणजे मी.

"दोर उजव्या हाताने ओढतेस आणि डावा कसा धरतो?" ओलावीने एकदा विचारलं.

"डाव्याने फळीला रेटा देते ना. तू कधी ओढलायस का माझ्यासारखा?"

"मग मी ओढत जातो."

"तू हात लावू नकोस. माझी मोटर आहे."

रेइनोने तिला कसलंसं मलम आणून दिलं. शनिवारी सौनात ओलावी तिचा खांदा डहाळ्यांच्या जुडीने शेकायचा, असं त्यांच्या बोलण्यातून मला कळायचं. वाफेने बरं वाटतं असं ती म्हणायची. सगळ्यांनी दोष माझ्यावर ठेवला होता आणि मलाही तो माझाच वाटत होता. म्हणून मी होईल तितक्या लवकर, पहिल्या-दुसऱ्या ओढीत लागायचा प्रयत्न करायचे. आता ते जमत नव्हतं. काजळीमुळे मला वेळ लागायचा, तिला जास्त ओढावं लागायचं, आणि मग दुखण्याचं कारण सगळ्यांना आणखी पटायचं.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वारा नव्हता. केर्त्तूने बराच वेळ दोर ओढला. मी लागले तेव्हा ती आमिषाच्या पेटीवर बसली. तिच्या कपाळावर घाम होता.

"घरी जाऊया का?" ओलावी म्हणाला.

"आलोय तर दोन मासे घेऊन जाऊ. रेइनोला सांगितलंय मी, संध्याकाळी माशांना धुरी देऊन ठेवते म्हणून."

मी चालत राहिले. ती त्या दिवशी फारसं बोलली नाही. ओलावीने दोनदा मागे वळून पाहिलं. ज्यांना तो हुंकार द्यायचा ते तिचे शब्दच नव्हते. दुपारी ओहोटी सुरू झाली. केर्त्तूने कॉफीचा पेला खाली ठेवायला हात पुढे केला आणि पेला फळीच्या बाहेर ठेवला. तो पाण्यात पडला.

"ओलावी," ती म्हणाली, "मला बरं वाटत नाही." आणि ती पेटीवरून खाली घसरली.

ओलावीने तिला आडवी केली, आपला कोट तिच्या डोक्याखाली घातला. मग त्याने मला बंद केलं आणि थोरलं चालू करून होडी घराकडे वळवली. त्या घाईत तो एक गोष्ट विसरला. तारा अजून पाण्यात होत्या. इतक्या वर्षांत त्याने तारा वर घेतल्याशिवाय थोरल्याला कधी हात लावला नव्हता. बेटावरचं लहान पोरसुद्धा ही चूक करत नाही. होडी वळली, तार खालून आली आणि थोरल्याच्या पंख्याभोवती गुंडाळली गेली. एक धक्का बसला आणि थोरलं बंद पडलं. त्याने पुन्हा चालू केलं, ते पुन्हा तिथेच अडकलं. त्याने चाकू घेऊन हात खाली घातला. तार पोलादी होती.

त्याने बिनतारी यंत्र उचललं. "रेइनो. रेइनो, आहेस का?"

"आहे, बोल. किती मिळाले?"

"केर्त्तू पडलीय. थोरलं अडकलं. तारेत."

"मी बेटाच्या पलीकडच्या अंगाला आहे. निघालोच. तू धाकटीवर धक्क्याकडे यायला लाग. मी डॉक्टरला धक्क्यावर उभं करतो."

ओलावी माझ्याकडे आला. त्याने लोकरीची मूठ धरली आणि ओढली. मी लागले. मित्रांनो, ती माझी वेळ होती. ज्या दुसऱ्या कामासाठी मला होडीवर ठेवलं होतं, ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर आलं होतं. त्याने मला पूर्ण जोर दिला. मी सगळं बळ एकवटलं आणि मला फक्त खोकला आला. काळा धूर निघाला. एक क्षण मी पळायचे आणि लगेच दम तुटायचा. पुन्हा पळायचे, पुन्हा तुटायचा. समोर धक्क्यावरचं लाल छपराचं शेड दिसत होतं. बराच वेळ ते जागचं हललं नाही. मग ते हळूहळू लहान होऊ लागलं. त्या अरुंद वाटेतली ओहोटी आम्हाला मागे नेत होती.

ओलावी एका हाताने माझा सुकाणूचा दांडा धरून बसला होता आणि दुसऱ्या हाताने केर्त्तूचा हात. तिने डोळे उघडले.

"हळू कर," ती म्हणाली. "तिला त्रास होतोय."

"बोलू नकोस."

"बघ कशी खोकतेय. हळू कर रे."

त्याने हळू केलं नाही. मी खोकत राहिले. रेइनोची होडी दिसली तेव्हा ओलावी अजून माझा सुकाणूचा दांडा धरून होता, पण केर्त्तूचा हात त्याने तिच्या छातीवर ठेवून दिला होता. रेइनोने होडी कडेला लावली, आत पाहिलं आणि टोपी काढली. मग त्याने वाकून मला बंद केलं.

काही दिवसांनी दोघं मला शेडमध्ये घेऊन आले. रेइनोने माझा प्लग काढला आणि उजेडात धरला. तो चुलीतल्या कोळशासारखा काळा होता.

"हिला शेवटची जोरात कधी चालवली होतीस?" रेइनोने विचारलं.

"तिला आवाज आवडायचा नाही," ओलावी म्हणाला.

रेइनोने प्लग फडक्यात गुंडाळला, पुन्हा उघडला, पुन्हा गुंडाळला.

"डॉक्टर म्हणाला, तो खांदा नव्हता," ओलावी म्हणाला. "हृदय होतं. कित्येक महिन्यांपासून."

"आणि मी मलम आणून देत होतो."

"मी शेकत होतो."

"मी साफ करून देतो हिला," रेइनो म्हणाला. "एका दुपारचं काम आहे. नाहीतर मला दे. माझी धाकटी म्हातारी झाली."

"राहू दे."

"अरे, गंजून जाईल."

"जाऊ दे."

होडी पलीकडच्या गावातल्या एकाने नेली. त्याला बटणाची मोटर हवी होती, त्याने मला नेलं नाही. मी शेडमध्ये राहिले. ओलावी रोज यायचा, पालथ्या बादलीवर बसायचा, कधी लोकरीच्या मुठीला हात लावायचा. दोर मात्र कधी ओढायचा नाही. रेइनो दारातून डोकावून म्हणायचा, "बांधून घातल्यासारखा काय बसतोस? चल, कॉफी घे." ओलावी जायचा नाही. पुढे रेइनोचं येणं कमी झालं. शनिवारी सगळ्या घरांतून धूर निघायचा, या घरातून नाही. शेडमध्ये उंदीर झाले. ते लोकर कुरतडायचे तेव्हा ओलावी बघत बसायचा, हाकलायचा नाही.

मग एका शनिवारी सकाळी तो निळं पिंप ओढत घेऊन आला. पिंप आत ठेवून त्याने नळीने ते पाण्याने भरलं. मला उचलताना त्याला दोनदा थांबावं लागलं. त्याने मला पिंपाच्या कडेला अडकवलं, दार उघडं टाकलं, माझं पोट साफ केलं, नवा प्लग घातला, तेल घातलं, पेट्रोल घातलं. सगळं सावकाश आणि नीट केलं. मग उरलेल्या लोकरीवरून हात फिरवला आणि दोर ओढला. बऱ्याच वेळाने मी लागले.

त्याने मला पूर्ण जोर दिला.

आधी काळा धूर आला, पिंपातलं पाणी काळं झालं. मग धूर विरळ झाला. मग खोकला थांबला आणि मी गर्जले. शेडचे पत्रे थरथरले, पाणी कडेवरून उडून ओलावीचे बूट भिजले. कितीतरी वर्षांनी मी पूर्ण ताकदीने पळत होते, पिंपातल्या पिंपात.

आवाज ऐकून रेइनो धावत आला. तो दारात धापा टाकत उभा राहिला. "काय करतोस? पाणी उकळेल ते. बस कर."

ओलावीने हात काढला नाही. पेट्रोल संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग मी थांबले.

"एवढ्या जोरावर पोचलो असतो," ओलावी म्हणाला.

रेइनोने त्याच्या दंडाला धरलं. "ओहोटी होती, ओलावी. कदाचित नसता पोचलात."

"पोचलो असतो," तो म्हणाला आणि घरात निघून गेला.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला सांत्वन करता येत नाही आणि माझं ते कोणी केलेलंही नाही. मला जे माहीत आहे तेवढं सांगते. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर दिवसाच्या शेवटी तिला थोडा वेळ जोरात चालवा. आवाज होईल, होऊ द्या. आणि घरातलं कोणी खांदा धरून बसलं तर दोराला बोल लावू नका. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ते नाही म्हणतील, हसतील, काम आहे म्हणतील. तरी न्या.

ओलावी त्यानंतर शेडमध्ये आला नाही. खिडकीतून मला त्याच्या घराचं दार दिसतं. पिंप तिथेच आहे. काळं पाणी त्याने ओतून दिलेलं नाही, आणि माझा पंखा अजून त्यात बुडालेला आहे.